खिडक्या लावायची सवय

“दम कसा धरतो बघ. याला कोनी शिकवलं?”

मोरीच्या दारामागून मावशीचा आवाज आला. मी बाहेर कोरडा टॉवेल घेऊन उभी होते. आत मावशी पाटावर पाय लांब करून बसली होती, तिच्या नडग्यांवर ताईचं पाच आठवड्यांचं बाळ, आणि त्याच्या तोंडावरून तांब्याची धार. धार सुरू झाली की त्याचं रडणं मधेच तुटायचं. श्वास थांबायचा. धार संपली की एक क्षण काहीच नाही, आणि मग पुन्हा रडणं, आधीपेक्षा मोठं. त्या मधल्या क्षणात दाराबाहेर माझाही श्वास थांबलेला असायचा.

“दर्याचं पोर हाय,” मावशी म्हणाली. “आमच्याकडं पैल्या म्हैन्यातच कळतं. धार आली की तोंड मिटतो तो बोटीवर जानार. पानी पितो तो कंपनीत.”

आई हसली. “अगं बाय, सगळीच पोरं तोंड मिटतात. उपजतच असतं ते.”

“उपजत? मग तुजी धाकली उपजत मुकी हाय का?”

“ती पहिल्यापासूनच तशी.”

“खोटं नको सांगू गो. चार वर्सांची हुती तवा मुरब्याच्या बंदरावर उभी राहून खलाशांना शिव्या द्यायची. मीच शिकवल्या व्हत्या.”

धाकली म्हणजे मी. मी दारापासून दोन पावलं मागे सरले, म्हणजे दार उघडल्यावर ऐकत होते असं वाटू नये.

मावशी आईची थोरली बहीण. मुरब्याला राहते, सुकी मासळी विकते, आणि नात्यात कुणी बाळंत झालं की न्हाऊ घालायला तीच जाते. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मावशी रोज सकाळी पहिल्या गाडीने बोईसरला यायची आणि बाराच्या आत परत जायची. तिने सांगितलं ते खरं असावं. मला शिव्या आठवत नाहीत, पण मी काहीतरी ओरडल्यावर होड्यांवरून आलेलं हसणं आठवतं. ते हसणं आवडल्याचंही आठवतं.

पप्पांना बोईसरच्या केमिकल कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही मुरबं सोडलं. मला इंग्रजी शाळेत घातलं. त्या शाळेत मराठी बोलणाऱ्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची एक पाटी अडकवायचे. दुसरं कुणी मराठी बोलताना सापडलं की ती पाटी त्याच्याकडे जायची. त्यामुळे पाटीवाला दिवसभर कान टवकारून फिरायचा. पहिल्या आठवड्यात मी “पानी” म्हणाले आणि पाटी माझ्याकडे आली. वर्गातली बोईसरची मुलंही हसली, कारण ती “पाणी” म्हणायची. त्यानंतर ती पाटी माझ्या गळ्यात कधी आली नाही. बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं की मुलगी शांत आणि शिस्तीची आहे. मी बोलणंच सोडलं होतं.

घरात मात्र सगळे धरून चालतात की मी जन्मतःच अशी. ते सोयीचं आहे. जन्मतः असलेल्या गोष्टीबद्दल कुणाला काही विचारावं लागत नाही.

आता मी पालघरच्या एका शाळेत नर्सरीच्या वर्गाला शिकवते. तीन वर्षांची मुलं. जूनमध्ये एक रडायला लागलं की बाकीची सगळी रडतात, ज्यांना रडण्याचं काही कारण नाही तीसुद्धा. त्यांना ते कुणी शिकवलेलं नसतं. दिवाळीपर्यंत एक रडलं तर बाकीची फक्त वळून बघतात आणि पुन्हा रंग भरायला लागतात. ते आम्ही शिकवलेलं असतं, आणि पालकसभेत आम्ही ते कौतुकाने सांगतो.

बहुतेक म्हणूनच त्या दोन महिन्यांत मी बाळाकडे इतकं पाहत राहिले. माणसात आधीपासून काय असतं ते मला बघायचं होतं. गालाला बोट लावलं की त्याचं तोंड त्या बाजूला वळायचं. तळहातात बोट दिलं की मूठ मिटायची, इतकी घट्ट की एकेक बोट सोडवावं लागायचं. आणि भोंगा वाजला की दोन्ही हात एकदम फाकायचे, कुणीतरी वरून सोडून दिल्यासारखे.

कंपन्यांचा पाळी बदलायचा भोंगा आमच्याकडे दिवसातून तीनदा ऐकू येतो. पहिल्या आठवड्यात बाळ प्रत्येक वेळी दचकलं. तिसऱ्या आठवड्यात नुसत्या पापण्या हलल्या. पाचव्या आठवड्यात पापण्याही हलल्या नाहीत.

“झाला बोईसरकर!” पप्पा म्हणाले. त्यांनी ताईच्या नवऱ्याला फोन करून ही बातमी दिली. “जावईबापू, आता तुमच्याकडे झोप लागायची नाही हो याला. भोंगा रेकॉर्ड करून पाठवतो.”

सगळे हसले. मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या भोंग्याच्या वेळी मुद्दाम त्याच्याजवळ जाऊन बसले. भोंगा वाजला. तो तसाच झोपलेला, मूठ गालाखाली. त्याच्याबरोबर आलेली एक गोष्ट त्याच्यातून निघून गेली होती, आणि आम्ही त्याचा आनंद केला होता.

आमच्या घरचा एक नियम आहे. वास आला की खिडक्या लावायच्या. आधी स्वयंपाकघराची, मग बाल्कनीचं दार, मग हॉलच्या दोन. पंखे बंद. बाहेरच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल. आणि सगळ्यांनी आतल्या खोलीत जाऊन बसायचं, पप्पा सांगेपर्यंत. मी आणि ताई लहान असताना पप्पा हातात घड्याळ धरून आमच्याकडून हे करून घ्यायचे. आम्हाला तो खेळ वाटायचा. ताई खिडक्या, मी टॉवेल. नंतर मी एकटीच सगळं करायला लागले, आणि ताईपेक्षा वेगाने.

वास अनेक असतात. खारं वारं संध्याकाळी फिरलं की कंपन्यांच्या बाजूने येतात. एक कुजक्या अंड्यांचा, एक नेलपॉलिशसारखा, एक गोडसर. गोडसर वास ताईला आवडायचा. पप्पा म्हणायचे, तोच सगळ्यात वाईट.

पण पप्पांना स्वतःला वास येत नाही. हे घराबाहेर कुणाला माहीत नाही, कारण ते प्लांटवर ऑपरेटर आहेत आणि त्यांना वास यायला हवा. इतकी वर्षं त्याच हवेत काढल्यावर नाकातून ते हळूहळू गेलं. कधी गेलं ते त्यांनाही सांगता येत नाही. तव्यावर बोंबील करपत असला तरी ते शेजारी पेपर वाचत बसतात. घरात ते आमचे चेहरे बघतात. आईच्या नाकपुड्या हलल्या की त्यांचे डोळे खिडकीकडे जातात. आम्ही त्यांचं नाक, आणि ते आमचा नियम, अशी वाटणी आहे.

गेल्या वर्षी शाळेच्या स्टाफरूममध्ये दूध उतू जाऊन करपलं. धूर झाला. मी उठले आणि खोलीतल्या तिन्ही खिडक्या लावून टाकल्या. चौथीच्या बाईंनी खोकत खोकत माझ्याकडे पाहिलं.

“अगं, काय करतेस? मारतेस का आम्हाला? उघड!”

मी उघडल्या.

“बोईसरवाली,” दुसऱ्या एक बाई म्हणाल्या. “तिकडे उलटंच असतं सगळं.”

मीही हसले. पण बसमध्ये परत येताना मी मांडीवर ठेवलेल्या माझ्या हातांकडे बघत होते. हातांनी मला विचारलं नव्हतं. कडी लागेपर्यंत मला कळलंही नव्हतं की मी उठले आहे. बाळाची मूठ मिटते तसंच ते झालं होतं. फरक एवढाच की बाळाची मूठ त्याची होती, आणि माझे हात पप्पांनी घडवले होते.

हे मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही.

बाळ आल्यावर घरात पाणी पुरेना. आमच्या बिल्डिंगला एक दिवसाआड पाणी येतं, आणि दुपटी तर रोजची. पप्पा भंगारवाल्याकडून एक निळा ड्रम घेऊन आले. बोईसरमध्ये असा ड्रम नाही असं घर शोधावं लागेल. कंपनीत त्यातून काहीतरी येतं, रिकामा झाला की भंगारात जातो, आणि तिथून आमच्या मोऱ्यांमध्ये. मुरब्याला त्यात बर्फ आणि मासळी भरतात. आमच्या ड्रमवरचं स्टिकर अर्धं खरवडलेलं होतं. तळाशी एक तेलकट थर होता.

मावशीने झाकण काढून वाकून बघितलं आणि डोकं लगेच मागे घेतलं.

“यात पानी ठेवू नका,” ती पप्पांना म्हणाली. “बाळाची दुपटी धुवायची हायेत.”

“धुऊन घेऊ ना.”

“धुऊन जायचा नाय तो वास.”

“वास जातोच,” पप्पा म्हणाले, “थोडे दिवस गेले की.”

ते हे थट्टेने म्हणाले नव्हते. त्यांच्या बाबतीत ते खरंच तसं झालं होतं.

मग तो रविवार आला. पप्पा रात्रपाळी करून सकाळी घरी आले. मावशी त्या दिवशी येणार नव्हती, मुरब्याला कुणाचं तरी लग्न होतं. चहा घेतल्यावर पप्पांनी मोरीत जाऊन संडास धुवायच्या ॲसिडची अख्खी बाटली ड्रममध्ये ओतली आणि ड्रम तिरका करून तळाशी फिरवला. मी दात घासत बेसिनपाशी उभी होते.

“राहू दे संध्याकाळपर्यंत,” ते म्हणाले. “थर सुटेल.” झाकण ठेवून ते हॉलमध्ये सोफ्यावर झोपले. आई तेव्हा खाली भाजी घेत होती.

दुपारी जेवणं झाल्यावर आईच्या हातात मला ब्लीचिंग पावडरची पुडी दिसली. सोसायटीची टाकी धुतात तेव्हा उरलेली. ती पुडीचं तोंड दाताने फाडत मोरीकडे चालली होती.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होते. मला त्या क्षणी एक पान दिसलं. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या वहीचं पान, त्यावर मी स्वतः लाल पेनाने आखलेली चौकट, आणि चौकटीत एक वाक्य. ही दोन एकत्र करू नयेत असं ते वाक्य. ते इंग्रजीत होतं. आमच्या स्वयंपाकघरात कसं म्हणायचं ते मला माहीत नव्हतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण “आई, थांब” एवढं मला दोन्ही भाषांत येतं.

आईने मान वळवली. “काय गं?”

“काही नाही.”

“मग अशी काय उभी आहेस? बाळाजवळ बस जा. ताई जरा पाठ टेकते म्हणतेय.”

ती आत गेली. मला वाटलं, पप्पांनी मधे उठून ॲसिड ओतून टाकलं असेल. मला वाटलं, इतकं थोडं असेल तर काही होत नसेल. मला वाटलं, पप्पा झोपलेत, आवाज नको. मग असंही वाटलं की मी बोलले आणि चुकले तर आई हसेल, आणि पप्पा म्हणतील, शिकवलं एवढं ते याच्यासाठी का. ही सगळी कारणं चार पावलांत सुचली. ती इतकी पटकन कशी आली याचं मला आजही आश्चर्य वाटतं. एरवी मला एक वाक्य जुळवायला वेळ लागतो.

मोरीतून आईचा आवाज आला. “बघ, कसं फसफसतंय! मळ सुटला.” तिने झाकण ठेवलं, नाकाला पदर लावून बाहेर आली आणि मोरीचं दार लोटून घेतलं. “भयंकर आहे बाई तो ड्रम.”

मी आतल्या खोलीत जाऊन बाळाजवळ बसले. ताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. बाळ खाली गोधडीवर होतं, कारण मावशीने सांगितलं होतं की मोकळं, सपाट निजवावं, पाठ सरळ होते. आतली खोली मोरीला लागून आहे. मोरीचं दुसरं दार तिच्यातच उघडतं. मी वर्गातल्या पोरांच्या अक्षर गिरवायच्या पानांवर चांदण्या काढत होते.

तो वास आधी घशाला कळला, मग नाकाला.

हॉलमधून आईचा खोकला आला. “सोडला गॅस मेल्यांनी! भर दुपारी! रविवारीसुद्धा चैन नाही.”

पप्पा उठून बसल्याचा आवाज आला. ते आईच्या चेहऱ्याकडे बघत असणार. “जास्त आहे का?”

“डोळे चुरचुरताहेत.”

“खिडक्या!”

आणि मी उठले. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त जड जातं. मला माहीत होतं की वास कुठला आहे. एका दारापलीकडे काय फसफसत होतं ते मी ऐकलं होतं. तरी मी उठले, स्वयंपाकघराची खिडकी लावली, बाल्कनीचं दार लावलं, हॉलच्या दोन्ही खिडक्यांच्या कड्या खाली केल्या, पंखे बंद केले, टॉवेल नळाखाली धरला, पिळला आणि बाहेरच्या दाराच्या फटीत दाबून बसवला. कुठेही चुकले नाही.

“शाब्बास,” पप्पा म्हणाले. “आत चला सगळे. बाळाकडे.”

आम्ही आतल्या खोलीत गेलो. ताई उठून बसली होती, तोंडावर ओढणी. आईने ओला रुमाल बाळाच्या तोंडावर धरला. पप्पांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि मोरीकडच्या दाराला पाठ टेकून उभे राहिले. मोरीच्या दाराखालून हवा येत होती. ती हवा जमिनीलगत राहते, वर चढत नाही, हेही त्या वहीत होतं. आम्ही सगळे त्या हवेच्या वर होतो. बाळ जमिनीवर होतं.

ते रडत होतं, पण आवाज नव्हता. तोंड उघडं, चेहरा लाल, आणि मान फिरवण्याची धडपड. रुमालापासून, आमच्यापासून, मोरीच्या बाजूपासून ते तोंड दुसरीकडे नेत होतं. आई पुन्हा पुन्हा त्याचं डोकं सरळ करत होती. “असं नाही करायचं राजा, असं नाही करायचं.” त्या खोलीत बरोबर वागणारं ते एकटंच होतं, आणि आई त्याला सुधारत होती.

मग मी पळाले.

मी ठरवलं नाही. खोलीचं दार ओढलं, हॉल ओलांडला, टॉवेल पायाने उडवला आणि जिन्यात गेले. बाळ माझ्या पायांपासून हातभर अंतरावर होतं. मी त्याला उचललं नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. घडवलेले हात खिडक्या लावून मोकळे झाले होते, आणि त्यांच्या खाली जे काही आधीपासून होतं त्याने फक्त मला बाहेर नेलं.

जिन्यात हवा स्वच्छ होती. समोरच्या बिल्डिंगच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. खाली पार्किंगमध्ये एक बाई सांडगे वाळत घालत होती आणि फोनवर कुणाशी तरी हिंदीत जोरजोरात भांडत होती. मी तीन श्वास घेतले. मोजलेले नाहीत, पण तीनच असावेत. आजही दमट हवेत भाच्याची छाती वाजते, आणि ती वाजली की मला ते श्वास आठवतात. किती छान होते ते.

आमचं दार आतून बंद झालं होतं. पप्पा आतून ओरडत होते, “बाहेर कुठे गेलीस? गॅस आहे बाहेर! आत ये!”

मी दोन्ही मुठी दारावर आपटल्या. तोंडातून आवाज निघाला, पण शब्द नव्हते, नुसता आवाज. पप्पांना वाटलं मला आत यायचंय. त्यांनी दार उघडून माझा दंड धरला. मी त्यांच्या हाताखालून आत गेले, आईने आता बाळ उचललं होतं, ते तिच्या हातातून ओढून घेतलं आणि परत बाहेर धावले. ताई किंचाळत मागे आली. तिच्यामागे आई. सगळ्यात शेवटी पप्पा, हातात तो ओला टॉवेल घेऊन.

जिन्यात सगळ्यांनी श्वास घेतला. पप्पांनी आईचा चेहरा बघितला, मग ताईचा.

“गेला वास,” ते म्हणाले. “वारा फिरला.”

बाळाचे ओठ निळसर झाले होते.

खालच्या शेजाऱ्यांच्या रिक्षाने आम्ही दवाखान्यात गेलो. बाळाला आत नेलं, छोटा मास्क लावला. काचेतून त्याचं पोट खाली-वर होताना दिसत होतं, बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ताई काचेला कपाळ लावून उभी होती. आई पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला, समोरच्या बाकावरच्या बाईला: “हिला आधी कळलं हो. माझ्या धाकलीला. तीच धावली.” बाकावरच्या बाईने माझ्याकडे पाहून हात जोडले.

पप्पा फोनवर होते. दुसऱ्या कंपन्यांतल्या ओळखीच्या माणसांना एकेक करून विचारत होते.

“आज कुणी सोडलं रे? खरं सांग. माझा नातू आत आहे.”

पलीकडून काहीतरी उत्तर यायचं.

“नाही कसं? आमच्या घरात सगळ्यांचे डोळे लाल आहेत.” मग फोन ठेवून आम्हाला, “लपवताहेत सगळे. नाव कळू दे, सोडत नाही.”

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आल्या. माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात.

“कुठला गॅस होता, काही कल्पना आहे?”

“कंपनीचा,” पप्पा म्हणाले. “आमच्याकडे नेहमीच असतो.”

“नेहमीचा नव्हे, आजचा. काय श्वासात गेलंय ते नक्की कळलं तर मला पुढचं ठरवता येईल. छातीत पाणी व्हायची भीती असते काही गॅसमध्ये, काहींना दुसरं औषध लागतं. वास कसा होता?”

पप्पांनी आईकडे पाहिलं. आईने डोळे पुसले. “वाईट होता. कंपनीचा असतो तसाच.”

“गोडसर,” पप्पा म्हणाले. “गोडसर असणार. त्या पट्ट्यात एकच कंपनी आहे तसला माल बनवणारी. त्याचंच औषध द्या, मॅडम.”

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं आणि थांबल्या. “तुमच्या बिल्डिंगमधलं आणखी कुणी आलं नाही कसं?”

“येतील,” पप्पा म्हणाले. “येतील ना. आमचं घर पुढं आहे म्हणून आम्हाला आधी लागला.”

त्या अजून कागदाकडे बघत होत्या. पेन हलत नव्हतं. आईचा हात माझ्या पाठीवर होता, मघापासून ती मला तसंच धरून होती. काचेपलीकडे तो खड्डा पडत होता आणि भरत होता. मी बोलले तर आईचा हात कुठे जाईल ते मला माहीत होतं. पप्पांचं नाकही सगळ्यांसमोर उघडं पडणार होतं. ताई आयुष्यभर मला काय विचारेल, तेही. मला वाटलं, दुसरं कुणीतरी बोलेल. मग लक्षात आलं की हे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

डॉक्टर वळल्या. मी आईच्या हातातून पुढे झाले आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली.

“मॅडम, कंपनीचा नव्हता तो,” मी म्हणाले. “आमच्या मोरीतला होता. क्लोरीन. सकाळी पप्पांनी ड्रममध्ये ॲसिड ओतलं होतं आणि दुपारी आईने त्यात ब्लीचिंग पावडर टाकली. मी दोन्ही वेळा तिथेच उभी होते. काय होणार ते मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही.”